सुभेदारांच्या घरातली साखर

साताऱ्याहून नेलेले अर्धा किलो कंदी पेढे सुभेदारांनी माझ्या डोळ्यांदेखत म्हशीला चारले.

नमस्कार करून पुडा हातात दिला तेव्हा ते गोठ्यातच उभे होते. त्यांनी दोरा सोडला, एक पेढा नाकाशी नेला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकेक करून सगळे पेढे म्हशीच्या तोंडात घातले. खोकं तिनंच चाटून पुसून साफ केलं. मी तोंड उघडं टाकून उभा.

"अहो सुभेदार, म्हशीला पेढे?"

"तिला चार पोटं हायती, मास्तर. तुमास्नी किती?"

"एक."

"मग? पेढा घ्याच्या आधी त्याला इचारलं व्हतं का?"

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी चोविशीतला, इस्लामपूरच्या शाळेत नुकताच लागलेलो. राहायला सुभेदारांच्या घराची पुढची खोली, दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याच पंक्तीला. फौजेतून निवृत्त झालेला, ताठ पाठीचा, एकटा माणूस. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घराच्या तिन्ही बाजूंना त्यांचाच ऊस, वारा आला की कारखान्याच्या मळीचा वास थेट उशीपर्यंत; आणि घरात मात्र साखरेचा एक कण नाही! कारखान्याकडून सभासदाची साखर मिळायची, ती ते परस्पर पुतण्याकडे धाडत. फौजेतल्या कुणा डॉक्टरानं कधी तरी सांगितलं होतं की साखर म्हणजे पांढरं विष. सुभेदारांनी तो हुकूम मानला. हुकूम रद्द करायला तो डॉक्टर पुन्हा भेटला नसावा.

सकाळी उठलं की आधी जीभ दाखवायची. "पांढरी हाय. काल शाळंत काय चरलासा?" जेवताना घास बत्तीस वेळा चावायचा, तोही त्यांच्या बोटांच्या तालावर. या कवायतीनं माझी अशी गत झाली, की एकदा वर्गात हजेरी घेताना बत्तिसाव्या नंबरला मी आवंढा गिळला. पोरं हसली. उभा राहिलेला तेहतिसावा नंबर न पुकारताच खाली बसला.

आणि पोटाला विचारणं तर प्रत्येक गोष्टीत. मी नवा शर्ट शिवून आणला, तरी तेच. "पोटाला इचारलं का?"

"शर्टाचा आणि पोटाचा काय संबंध?"

"हाव आदी पोटात सुटती, मास्तर. मग कापडात शिरती. अंगावरचा शर्ट फाटलाय व्हय?"

फाटला नव्हता. मी तो नवा शर्ट दोन महिने त्यांच्यासमोर घातला नाही.

आता माझंही सांगतो. मी जन्माचा गोडखाऊ. ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली, पावडरच्या रिकाम्या डब्यात मी साखर लपवली होती. सुभेदारांनी चहाला हाक मारली की मी आधी मूठभर साखर गालात धरायचो आणि मग बाहेर यायचो. ते काही विचारत, मी तोंड मिटून "हं, हं" करत बिनसाखरेचा चहा वर ओतायचो. "मास्तर लय मितभाषी," असं ते गावात कौतुकानं सांगत.

अशात सांगलीचं एक स्थळ आलं. मुलगी मी पाहिली होती आणि पाहिल्यापासून मला भाकरीसुद्धा गोड लागत होती. तिचे वडील आणि मामा रविवारी मुलाचं बिऱ्हाड बघायला येणार होते. माझे वडील लहानपणीच गेलेले, आई साताऱ्याला संधिवातानं जागेवर. तेव्हा माझ्या बाजूनं वडीलकीनं बोलणार ते सुभेदारच. त्यांनी नाक मुरडलं, तर खोलीही गेली आणि मुलगीही.

रविवारच्या आधी गुरुवारी गावात लग्न होतं. आम्ही दोघं शेजारी पंगतीला बसलो. आमच्याकडचे वाढपी म्हणजे आग्रहाचे पैलवान. पुढच्या पाहुण्यानं पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले होते, "नको, नको" म्हणून तो विव्हळत होता, आणि वाढपी त्याच्या बोटांवर जिलब्या रचत होता. एकाएकी सुभेदार उठून उभे राहिले.

"थम!"

परेडचाच आवाज तो. वाढपी जागच्या जागी खांब झाला. सनईवालासुद्धा थांबला.

"त्यो न्हाई म्हनतोय आन् तू घालतूयास? मागं उष्ट्याचा ढीग बघितलास का रं? कुंपनाभाईर ऊसतोडीच्या बाया बसल्यात, जा की, त्यांच्या म्होरं कर तुजा आग्रेव!"

वधूपित्याचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. मग त्यानं जिलब्यांची अख्खी पाटी उचलली आणि स्वतः कुंपणाकडे निघाला. सगळी पंगत माना वळवून थक्क होऊन बघत राहिली.

मी तेवढ्यात चार जिलब्या रुमालात बांधून खिशात टाकल्या.

घरी पोचेस्तोवर पाक पांढऱ्या पँटीतून गुडघ्यापर्यंत उतरला होता. रुमाल तसाच ट्रंकेत कोंबला आणि झोपलो.

सकाळी जाग आली ती सुभेदारांच्या आवाजानं. "मास्तर, हाललासा तर बगा."

अंगणातून उंबरा, उंबऱ्यावरून भिंत, भिंतीवरून माझी खाट आणि खाटेखालून ट्रंक अशी मुंग्यांची सरळ रांग चालली होती. सुभेदार दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शत्रूचा माग काढावा तसे, तिच्या कडेकडेनं आत आले होते. त्यांनी ट्रंक उघडली. रुमाल निघाला. मग डबा निघाला. झाकण उघडून त्यांनी आत बघितलं, आणि मी डोळ्यांसमोर रविवार मावळताना बघितला.

"कवापास्नं?"

"चार महिने."

"माझ्या भ्यानं?"

मला खोटं सुचलं नाही. "हो."

आता म्हशीला मीच चारला जाणार, अशा तयारीनं मी उभा राहिलो. पण सुभेदार ट्रंकेच्या कडेला खाली बसले. असं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पाठ वाकवून. मग उठून माजघरात गेले आणि पत्र्याचा एक चपटा डबा घेऊन आले.

"ह्यो मीच दिला व्हता तिला. सुया ठिवायला. बायकूला म्हनतोय मी," ते म्हणाले. "लय गोड लागायचा तिला चा. मी सुट्टीवर आलो आन् हुकूम सोडला, घरात साखर बंद. बरं म्हनली. धा वर्सं बरंच म्हनत ऱ्हायली. ती तापानं गेली तवा मी तिकडं बर्फात. साखरंनं न्हाई गेली, मास्तर. तापानं. घरी आलो, जोंधळ्याच्या कनगीत हात घातला, तर ह्यो."

त्यांनी डबा उघडला. आत साखरेचा दगड झालेला होता.

"मी घरात नसताना बी लपवून खायाची. माजं भ्या हुतं तिला. म्या आपला हितं छाती फुगवून सांगतोय, आमच्या घरात शिस्त हाय."

मी नुसतं "हं" केलं. या वेळी गालात साखर नव्हती.

रविवारी पाहुणे आले. चहा आला, बिनसाखरेचा. मुलीच्या वडिलांनी घोट घेतला आणि मामांकडे दचकून पाहिलं. माझा जीव कपात बुडाला. तोच सुभेदारांनी माझा पावडरचा डबा आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवला, झाकण काढून, चमच्यासकट.

"घ्या. पोटाला इचारा आन् घ्या."

चहा गोड झाल्यावर पाहुणे सैलावले. मामांनी हळूच विचारलं, "घरात फार कडक शिस्त असते म्हणे?"

"आसती की. जीभ दावाय लागती, घास मोजाय लागतो," सुभेदार म्हणाले. "पर एक सांगतो. तुमची पोरगी हितं आली, तर साखरंचा डबा फुडच्या फळीवर ऱ्हाईल. तिला कायबी लपवाय लागनार न्हाई. ह्यो सबूद हाय माजा."

मुलीच्या वडिलांना त्यातलं किती समजलं, कोण जाणे. पण कप खाली ठेवून त्यांनी सुभेदारांना हात जोडले, आणि लग्न तिथंच ठरलं.

पाहुण्यांना एस्टीवर सोडून मी परत आलो. सुभेदार ओसरीवर एकटेच बसले होते. समोर चहाचा कप, शेजारी सुयांचा डबा. अडकित्त्यानं त्यांनी त्या दगडाचा कोपरा तोडला, कपात टाकला आणि विरघळेपर्यंत ढवळत राहिले. एक घोट घेतला. तोंडात धरला.

"एवढा गोड पीत आसंल व्हय ती?" मला नव्हे, कपालाच म्हणाले.

मुंग्यांची रांग उंबऱ्यापर्यंत आली होती. सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाय जरासा बाजूला घेतला.