खेस्केच्या आईचं भांडं

वजन शंभर किलोवर आल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन करणार नाही, असं इस्पितळाने सांगितलं तेव्हा हार्म एकशे सहा किलोंचा होता. सहा किलो उतरवायला सहा आठवडे होते. दोन वर्षं त्याची सायकल भिंतीला टेकून उभी होती आणि समुद्राच्या बांधावर खेस्के एकटीच फेरी मारून येत होती. बायको एकटी जाते, हे त्याला फार लागायचं.

हार्म एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर होता. बीट भरलेला ट्रक तोलायचा, मग रिकामा तोलायचा आणि वजाबाकी करायची. एका किलोची चूक झाली नाही, असं तो स्वतःच सांगे, आणि ते खरंही होतं. असल्या माणसाला घरच्या जेवणाच्या कॅलरी काढणं काय अवघड? खेस्केच्या आईच्या बिडाच्या भांड्यात दोन दिवसांचं कालवण एकदम शिजायचं. हार्मने बटाटे, गाजरं, मांस, लोणी तोलून कॅलरींची बेरीज केली. मग शिजलेलं भांडं काट्यावर ठेवलं, भागाकार केला आणि आपल्या वाट्याच्या सहाशे कॅलरी काढल्या. त्या भरल्या बाराशे ग्रॅम.

"ही तीन ताटं झाली," खेस्के म्हणाली.

"हे आकडे आहेत, खेस्के. माझं मत नाही."

रोज संध्याकाळी ठीक सहाला तो तोलून वाढून घेई आणि कर्तव्य म्हणून सगळं संपवी. शास्त्र माणसाला उपाशी ठेवत नाही, हे त्याने शेजाऱ्यालाही समजावलं. खेस्के भांड्यात उरेल ते घेई. नवरा बरा व्हावा म्हणून ती बोलत नव्हती.

चौथ्या आठवड्यात वजन एकशे आठ भरलं. हार्मने आकडेमोड तीनदा तपासली. तिथे चूक नव्हती, म्हणजे ती स्वयंपाकातच असणार.

"तू चोरून लोणी घालतेस," तो म्हणाला.

खेस्के स्कर्टची सैल कंबर पिनेने आवळत होती. "घातलं असतं तर माझ्याही अंगाला लागलं असतं ना, हार्म."

त्याने लोणी हत्यारांच्या पेटीत कुलूपबंद केलं आणि ग्रॅमवर काढून देऊ लागला. पावाला वंगणाचा वास यायला लागला. खेस्केने कामापुरतं बोलणं ठेवलं.

सहाव्या आठवड्याला तो इस्पितळातल्या काट्यावर चढला. नर्सने त्याला खाली उतरवलं. "कोट काढा, बूट काढा. आम्हाला तुमचं वजन हवंय, त्यांचं नको."

हार्म कोट हातात धरून उभाच राहिला. एकशे नऊ भरले, ऑपरेशन वसंतावर गेलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

घरी येऊन त्याने आधी रिकामं भांडं तोललं. चार किलो दोनशे. मग खेस्केला खाली बसवून सगळं सांगितलं. भरल्या भांड्याच्या सात किलो दोनशेमधून ते वजा केलं की कालवण उरत होतं तीन किलो. दोन दिवसांत त्यातलं दोन किलो चारशे त्याने खाल्लं होतं. उरलेला आकडा त्याला मोठ्याने म्हणवेना.

"एकतीस वर्षं ट्रक वजा केलेस," खेस्के म्हणाली, "आणि माझ्या आईचं भांडं तेवढं राहिलं?"

सहा वाजता त्याने स्वतःला पाचशे ग्रॅम तोलून घेतलं. तिच्या ताटात न तोलता दोन डाव वाढले आणि ती कधी "बास" म्हणते याची वाट पाहिली. खेस्के खाली मान घालून जेवली. मग तिने ताट पुन्हा पुढे केलं.