आधी थोडं, मग सगळं

देसलेसर वाईट बातमी कधीच एकदम सांगत नसत. आधी एक छोटी वाईट बातमी देत. माझी दिवाळीची रजा रद्द झाली तेव्हा म्हणाले, "गणेश, तुझ्या चपलेचा अंगठा तुटायला आलाय." मी वाकून पाहिलं, हळहळलो, आणि मग रजेचं ऐकलं. खरंच कमी लागलं.

सर आमच्या उल्हासनगरच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. मी त्यांच्या हाताखालचा तंत्रज्ञ. मोरिवलीचा, घरातला पहिला पदवीधर. भुलीचं यंत्र हाताळायला त्यांनीच शिकवलं. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हृदय काही वेळ थांबवावं लागतं. त्याआधी भुलीचा वायू थोडा वेळ दिला, तर पुढचा मोठा धक्का हृदय जास्त चांगलं सोसतं, हा सरांचा लाडका विषय. "आधी थोडं दाखवायचं रे त्याला, मग सगळं." बाकीचे डॉक्टर हे इतक्या ठामपणे मानत नसत. सर मात्र हा नियम साऱ्या जगालाच लावत.

कॅम्प तीनमधला त्यांचा सिंधी शिंपीसुद्धा तयार झाला होता. "डॉक्टरसाब, पहले सुनो, बटन का कलर नहीं मिला." सर लगेच स्टूल ओढून बसत. "हां, आता पँटचं बोल." "पँट इस्त्री में जल गयी."

बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, त्यांच्या घरी जेवायला गेलो की मॅडम वाढता वाढता सांगत, "बघायला आले तेव्हा यांचं पहिलं वाक्य काय, तर 'मी घोरतो.' मी रात्रभर जागी! म्हटलं, याच्या पुढचं काय असेल?"

"मग काय निघालं?"

"काही नाही. नुसतंच घोरतात."

सर मान खाली घालून हसत.

मग मॅडमच्याच हृदयाची झडप बदलायची वेळ आली. आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, म्हणून सर बाहेर बाकावर बसले. आत दुसरे डॉक्टर होते, मी होतो. वायू सरांनी सांगितला होता तसाच दिला. सगळं केलं. थांबवलेलं हृदय पुन्हा चालू झालं नाही.

सर्जन बाहेर यायला निघाले होते. मला कुणी पाठवलं नव्हतं, तरी मी त्यांच्या आधी गेलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला दुसरं काही सुचेना.

"सर, लिफ्ट बंद पडलीय."

तेवढ्यात समोरच्या लिफ्टचं दार उघडलं आणि त्यातून चार माणसं बाहेर आली.

सर त्या दाराकडे बघत राहिले. मग सरकून त्यांनी मला बाकावर जागा दिली.

"बरं," ते म्हणाले, "आता सगळं सांग."

मी सांगितलं. हाताचे तळवे चोळत ते म्हणाले,

"सकाळी आत नेताना तिनं विचारलं, 'आज छोटी बातमी नाही का हो?' मी म्हटलं, नाही गं. आज सगळं चांगलंच आहे."