कॉलनीला शुद्ध पाणी

पाण्याची शुद्धता पाण्यावर नसून प्रमाणपत्रावर अवलंबून असते. रोह्याजवळच्या एका रंगाच्या कंपनीला हे फार लवकर उमगले होते. तिचे सांडपाणी प्रक्रिया होऊन नदीत जाई आणि ‘मनुष्यास व गुरांस अपायकारक नाही’ असे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत बसून साहेबांच्या खुर्चीमागे लागे. (चौकटीला आजवर वास आलेला नाही.)

शेजारच्या वाडीची विहीर नदीच्याच पाझराची. त्या पाण्याने अंघोळ करून ऋतुजाची दोन वर्षांची रोशनी पाठभर पुरळ घेऊन रात्रंदिवस खाजवत असे. ऋतुजा पेणच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, त्यामुळे तिने कंपनीकडे अर्ज केले. वर्षात सात. मागणी एकच, वाडीला नळाचे पाणी. सातही उत्तरांना प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडलेली होती. एवढा नेमकेपणा सरकारी कचेरीतही सापडत नाही.

“तुज्या सहीला कोन भितो गो?” सासू सगुणाबाई म्हणाली. “त्यांच्याच सायबाचा कागद आन.”

कागद घरातच होता. फोन नंबर बदलल्यावर कंपनीने जुन्या लेटरहेडचे गठ्ठे वाडीतल्या पोरांना पाठकोरे म्हणून वाटले होते. (दानाचा फोटो छापून आला होता.) शिक्का पेणजवळच्या जोहे गावी, ऋतुजाच्या माहेरी झाला. भाऊ निलेश गणपतीचे रबरी साचे करी. सातव्या उत्तरावरचा शिक्का निरखून तो म्हणाला, “ताय, याच्यापेक्षा उंदीर कठीण.” टाइपिंग ऋतुजाने रोह्याच्या क्लासात जाऊन केले.

परिपत्रक असे: ‘रौप्यमहोत्सवानिमित्त कळविण्यास आनंद होतो की, आपल्या प्रक्रिया केलेल्या पाण्याची प्रमाणित शुद्धता लक्षात घेता, सोमवारपासून तेच पाणी अधिकारी कॉलनीस पिण्यासाठी पुरविण्यात येईल. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’

कॉलनीचा माळी गुणाजी वाडीतलाच. शनिवारी सकाळी त्याने पेपरांच्या घडीत एकेक प्रत सरकवली.

कंपनीच्या कागदावर विश्वास ठेवायची अधिकाऱ्यांना सवय असल्याने त्यांनी तो ठेवला. दुपारपर्यंत बावीसपैकी एकोणीस बंगल्यांत पिंपे भरली गेली. अकरा घरची मुले पेणला पाहुण्यांकडे रवाना झाली. चार बायकांनी मॅनेजर दिनानाथ साहेबांच्या बंगल्याला वेढा घातला. (त्यांच्या सौभाग्यवतींना यात धरलेले नाही; त्या आतून वेढा घालत होत्या.) प्रमाणपत्र सोबत असूनही ते कुणी वाचले नाही, याची खंत वाटते.

रविवारी साहेबांनी स्वतःच्या सहीने खुलासा काढला. ‘सदर परिपत्रक बनावट आहे. हे पाणी पिण्यास वा अंघोळीस योग्य नसून कोणाही अधिकाऱ्याच्या कुटुंबास ते कदापि दिले जाणार नाही, याची खात्री बाळगावी.’ नवे लेटरहेड, अस्सल शिक्का.

गुणाजीने एक प्रत घडी करून वाडीत आणली. ऋतुजाने ती जोडून आठवा अर्ज केला.

या वेळी मात्र यंत्रणा हलली. पाच जणांची चौकशी समिती नेमली गेली. विषय: लेटरहेडचा गैरवापर. समिती तीनदा वाडीत आली, विहिरीच्या कठड्याला टेकून बसली आणि टाइपिंग येणाऱ्यांची यादी करून गेली. यादीत एकच नाव होते.

तिसऱ्या खेपेला अध्यक्ष समितीसह ऋतुजाच्या पडवीत आले. रोशनी तिच्या कडेवर पाठ खाजवत होती.

“ते पत्र कुणी लिहिलं, काही कल्पना?”

“ऊन फार आहे, साहेब,” ऋतुजाने तांब्या पुढे केला. “आधी पाणी घ्या. आमच्याच विहिरीचं.”

अध्यक्षांनी तांब्याकडे पाहिले. मग पाचही जणांनी, पूर्वी ठरवल्यासारखे, आपापल्या पिशवीतल्या बाटल्या काढल्या.

समितीचे काम अजून चालू आहे. ही हकिगत ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी शेवटी एकच विचारले, ऋतुजा सापडली का? तुमच्याही मनात तेच आले असेल. समितीत सहावी जागा रिकामी आहे. पोरीच्या पाठीबद्दल विचारणाऱ्याने अर्ज करू नये.