सातदेव पहाडावर रुमालांनी पाहिलेला सूर्यास्त

जागा ही बसण्यासाठी नसून धरण्यासाठी असते, हे ज्या समाजाला उमगलं तो समाज बसण्याच्या कटकटीतून कायमचा सुटला. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल म्हणजे साक्षात प्रवासीच, हा आपला अलिखित कायदा आहे, आणि लिहिलेल्या कायद्यांपेक्षा तो अधिक पाळला जातो. रुमाल बसलेल्या सीटवर माणूस बसत नाही. (माणूस बसलेल्या सीटवर मात्र दुसरा माणूस ‘जरा सरका जी’ म्हणून बसतो. यावरून दोघांची पत लक्षात यावी.)

नागपूरच्या आशीर्वाद कॉलनीतल्या निसर्ग व देवदर्शन मंडळाने हा कायदा बसमधून काढून थेट डोंगरावर नेला, याचं श्रेय अध्यक्ष मारोतराव यांनाच द्यावं लागेल. मंडळ दर हिवाळ्यात सातपुड्याच्या जंगलातल्या सातदेव पहाडावर सहल नेतं. वर सात देवळांचं लहानसं गाव आहे. गावाच्या कडेला दरी आहे. दरीला कठडा आहे आणि कठड्याला ‘सनसेट पॉइंट’ अशी पाटी आहे. कठडा लहान, सूर्य एकच, आणि बसगाड्या पुष्कळ. तेव्हा सकाळी पोचल्याबरोबर कठड्यापाशी रांगांनी रुमाल टाकायचे, दिवसभर निवांत भजे खायचे आणि संध्याकाळी येऊन सूर्यास्त बघायचा, अशी मूळ योजना होती. योजनेचा पहिला आणि दुसरा भाग फार यशस्वी झाला.

पुढे इतर गावांनीही हा आदर्श घेतला. खाप्याच्या मंडळींनी रुमालाऐवजी पलंगपोस आणले. बुटीबोरीच्या एका कारखान्यातले कामगार बॅनर अंथरू लागले. वाऱ्याने रुमाल उडतात म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची पद्धत आली. रुमालाशिवाय नुसता दगड चालेल का, असा प्रश्न एका सभासदाने विचारला, तो मारोतरावांनी फेटाळला. दगड डोंगराचेही असू शकतात, हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं.

देवळातही हीच शिस्त होती. तिथे रांगेत माणसाऐवजी चप्पल उभी करत. रांग सरकली की कोणीतरी सगळ्या चपला पायाने पुढे ढकलायचं. यात एकच तांत्रिक अडचण होती. चप्पल देवाच्या दारापर्यंत पोचायची, पण तिला आत जाता येत नसे. माणसाला आत जाता आलं असतं, पण तो पोचलेला नसे. मंडळाने ही अडचण श्रद्धेवर सोडली होती.

अनुभवाअंती असं आढळलं की, जागा धरलेली आहे म्हटल्यावर माणसाच्या जिवाला जी शांती मिळते, ती सूर्यास्त बघूनही मिळत नाही. त्यामुळे संध्याकाळच्या वेळी मंडळी बाजारात मध, चारोळी आणि लाकडी बैल बघत असत. मंडळाने घेतलेल्या पाहणीत नव्वद टक्के सभासदांना सूर्यास्त ‘फारच छान’ वाटला. उरलेल्या दहा टक्क्यांचे रुमाल मागच्या रांगेत होते.

या सुरळीत कारभारात अडचणीचे गृहस्थ एकच, ते म्हणजे नत्थूजी. त्यांना सूर्यास्त बघायचा होता.

नत्थूजींचं आयुष्य नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात गेलं. स्वभावाने इतके भिडस्त की, स्वतःच्या घराचं दारही आधी वाजवून मग उघडत. त्यांचे वडील कोष्टी. हातमागावर लुगडी विणणारे. ते तरुणपणी एकदा पायी सातदेवला जाऊन आले आणि घरी येऊन म्हणाले, दरीच्या काठावरून दिवसभर सहाच डोंगर दिसतात, एकामागे एक. सातवा दिसतो तो सूर्य त्याच्या मागे टेकतो तेवढ्यापुरता. मग त्या सातव्या डोंगराच्या रंगाचा काठ विणायचा म्हणून त्यांनी किती रेशीम रंगवलं आणि किती फेकलं! शेवटी एक लुगडं विणलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, “जरासा हुकला.” तेच म्हणत म्हणत ते गेले. लुगडं सुनेच्या, म्हणजे चंद्रकलाबाईंच्या वाट्याला आलं.

किती हुकला, एवढंच नत्थूजींना बघायचं होतं. (वडिलांना सहाच दिसले असतील, सातवा उपाशीपोटी मोजला गेला असेल, अशीही शंका त्यांना येई. मग अशी शंका घेणारे आपण कोण, अशी दुसरी शंका येई.) यापूर्वी दोनदा ते वेळेवर दरीपाशी पोचले होते. पण कठड्याला वीतभरही मोकळी जागा नव्हती, आणि दुसऱ्याचा रुमाल सरकवणं त्यांच्या हातून झालं नाही. ते सगळ्या रांगांच्या मागे, जिथून दरी कठड्याआड जाते तिथे, टाचा उंचावून उभे राहिले आणि त्यांना पलंगपोस दिसला. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडघे बघता पहाड चढायचा तो या हिवाळ्यात शेवटचा.

नेमक्या याच वर्षी मंडळाने रुमालरक्षकाचं पद निर्माण केलं. गेल्या खेपेला देवकीबाईंचा रुमाल पहिल्या रांगेतून दुसरीत गेला होता, आणि त्या अन्यायाची चर्चा कॉलनीत होळीपर्यंत चालली होती. बसमध्ये मारोतरावांनी विचारलं, “काहून जी नत्थूजी, तुमी थांबता का रुमालापाशी? तुमाले त भजेही चालत नाही.”

“हाव,” नत्थूजी म्हणाले. आयुष्यात प्रथमच होकार देताना त्यांना आनंद झाला होता. सूर्यास्ताच्या वेळी ते दरीपाशीच असणार होते, तेही अधिकृतपणे!

“पण आयका. तोंड रुमालाइकडे पाहिजे अन् पाठ दरीकडे. सूर्य पाहत बसला तो कायचा पहारेकरी?”

मुद्दा बरोबर होता. नत्थूजींनी मान डोलावली.

संध्याकाळी मंडळी बाजाराकडे गेली आणि नत्थूजी दरीला पाठ करून उभे राहिले. समोर रुमाल बसले होते, पांढरे, चौकटींचे, नक्षीचे, सगळे त्यांच्या खांद्यावरून सूर्याकडे बघत. हळूहळू पांढरे रुमाल पिवळट झाले, मग केशरी. पाठीमागे काय चाललं असावं याचा नत्थूजी रुमालांवरून अंदाज घेत होते. वाचनालयात न वाचलेल्या पुस्तकांचाही ते असाच, वाचून परत आलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून अंदाज घेत.

तेवढ्यात हातात भज्यांचा पुडा घेऊन चंद्रकलाबाई आल्या. अंगावर तेच लुगडं होतं.

“काय करून राहिले जी?”

“पहारा.”

“सूर्य तिकडे हाये ना.”

“पाठ करून उभं राहायचा नियम आहे वं.”

“बाप्पा! जल्मभर वाचनालयात बसले, आता एक पान उघडाचं त बी अध्यक्षाले विचारता? फिरा तिकडे. माझं लक्ष हाये रुमालाइकडे.”

नियम मोठा की बायको, हा प्रश्न नागपुरात कधीच निकालात निघालेला आहे. नत्थूजी फिरले.

सहा डोंगर होते. पहिला हिरवा, त्यामागचा निळा, आणि पुढे एकेक फिकट होत सहावा तर नुसता धूर. त्यामागे आकाश होतं. सूर्य खाली आला, आकाशाच्या कडेला टेकला, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे एक कणा उमटला, लांबच लांब, झोपलेल्या बैलाच्या पाठीसारखा. जांभूळ चावल्यावर बीजवळच्या गराचा जो रंग दिसतो, तो त्याचा रंग होता. दोन-तीन श्वास तो राहिला. मग सूर्य गेला आणि आपल्याबरोबर डोंगरही घेऊन गेला.

नत्थूजी वळले, तर चंद्रकलाबाईंचं लक्ष रुमालांकडे नव्हतंच. त्याही दरीकडे बघत होत्या. मग त्यांनी लुगड्याचा काठ उचलला, डोळ्यांशी नेला, पुन्हा दरीकडे पाहिलं.

“मामंजी उगाच ‘हुकला’ म्हणे जी,” त्या हळूच म्हणाल्या. “सूतभरही नाही हुकला.”

तेवढ्यात पहाडावरून दरीकडे वाऱ्याचा झोत आला. दगड लहान होते. रुमाल उठले आणि पहिल्या रांगेपासून शिस्तीने दरीत गेले. (पलंगपोस सर्वांत शेवटी गेले. खाप्याचं कापड दणकट.)

बसपाशी तातडीची सभा भरली.

“एक सूर्यास्त तुमच्या भरवशावर सोडला होता, नत्थूजी!” मारोतराव कळवळून म्हणाले. “तुमी काय करून राहिले होते?”

“सात आहेत,” नत्थूजी म्हणाले.

“सात कुठी? सारेच गेले!”

“डोंगर.”

देवकीबाईंनी विचारलं, “पण माझा रुमाल पहिल्या रांगीतूनच उडाला ना?” तसं असल्याची खात्री झाल्यावर वातावरण निवळलं. मग ठराव झाला : सूर्यास्त पाहिलेला मंडळाचा एकही रुमाल साक्षीला उरला नसल्यामुळे यंदाचा सूर्यास्त झालेला नाही असं समजावं, आणि तो पुढच्या हिवाळ्यात घ्यावा. ठराव एकमताने मंजूर झाला. नत्थूजींनीही हात वर केला. एवढी माणसं म्हणतात म्हणजे झाला नसेलही, असं त्यांना वाटून गेलं.

परतीच्या बसमध्ये चंद्रकलाबाईंना झोप लागली. सावनेरचे दिवे दिसेपर्यंत नत्थूजी लुगड्याच्या काठावर बोट ठेवून बसले होते, वाचता वाचता ओळ हरवू नये म्हणून ठेवतात तसं.

जाता जाता वाचकांना एक विनंती. सातव्या डोंगराचा रंग कोणता होता, ते वर न बघता सांगावं. सूर्यास्ताचं वर्णन चांगलं परिच्छेदभर दिलेलं आहे. आपण तिथे आला होतात, एक नजर टाकलीत आणि रुमालांचं पुढे काय झालं ते बघायला निघून गेलात.

संकोच नको. आपली जागा धरलेली आहे.