आजींच्या खोलीतला कॉक

नातीचा पाळणा आजींच्या खोलीत नको, असं सूनबाईनं तोंडावर सांगितलं, तेव्हा आजींच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आई, तुमची खोली म्हणजे नुसता बर्फ आहे. हीटर सुरू करा, मग खुशाल न्या बाळाला."

"गटाराच्या उबेत माझी नात झोपायची नाही!"

गटार म्हणजे मुलाची नोकरी. सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात तो साफ झालेल्या पाण्यातली उष्णता काढून घ्यायचा आणि तीच पाइपांतून बिल्डिंगभर फिरायची. आजींनी पहिल्याच दिवशी आपल्या हीटरचा कॉक करकचून आवळला होता. सगळी थंडी त्यांनी दोन स्वेटर, एक शाल आणि स्वाभिमान एवढ्यावर काढली होती.

पण पाळणा हॉलमध्ये गेला आणि आजींचा डोळा लागेना. दुपारी सूनबाई बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेली, तशी आजींनी पक्कड काढली. खोली तापवायची आणि उन्हानं तापली म्हणून सांगायचं, असा बेत होता.

कॉक हलेना. आजी हटेनात. शेवटी कॉकच हातात आला आणि पाणी छताला भिडलं. आजींनी भोकावर शाल दाबली, शालीवर रजई, रजईवर स्वतःला. पाणी झिरपून खालच्या मजल्यावर हेडमास्तरांच्या ताटात पडलं. प्लंबर धावला, त्यानं अख्ख्या बिल्डिंगचाच पुरवठा बंद केला, आणि सगळे शेजारी ब्लँकेटं पांघरून आजींच्या दारात जमले. केंद्रातून मुलगा आला. मागोमाग सूनबाई आली; तिच्या कडेवर बाळ थंडीनं कळवळून रडत होतं.

"कॉक कोणी फिरवला?" हेडमास्तरांनी विचारलं.

आजींनी बाळाकडे बघितलं. "मीच. हिच्यासाठी. आता गटारानं न्हाले मी."

"गटार कुठलं, आई?" मुलगा म्हणाला. " ते पाणी केंद्रातच ऊब देतं आणि नदीला जातं. इथे फिरतं ते वेगळं, स्वच्छ पाणी. शंभरदा सांगितलं!"

"मग त्या मेल्या गटाराला ऊब येते कुठून?"

"आपल्याच घरातून. आंघोळीचं, भांड्यांचं कढत पाणी आपण मोरीत सोडतो ना, त्याची."

आजींनी मोरीकडे एकदा निरखून बघितलं. संध्याकाळी नवा कॉक बसला. सूनबाईनं पाळणा आत आणून ठेवला.

हल्ली आजींची आंघोळ संपता संपत नाही. मुलगा दारावर थापा मारतो, "आई, किती गरम पाणी ओतशील!"

"ओरडू नकोस मेल्या," आतून आवाज येतो, "पोर झोपलीय. तिची खोली तापवतेय मी."