किल्लीमास्तरांचं हेड ऑफिस

"फोन उघडा, मास्तर," फौजदारसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

"नाही जमायचं, साहेब," किल्लीमास्तरांनीही तिसऱ्यांदा सांगितलं आणि बाकावर जरा सरकून बसले.

हे वाक्य मास्तरांच्या तोंडी ऐकून दारातला हवालदार हसला. हसेल नाहीतर काय! मास्तरांच्या दुकानावरच्या पाटीवर ठळक अक्षरात लिहिलंय, 'उघडत नाही असं काही नाही.' कुलूप, कपाट, पेटी, तिजोरी, मास्तरांनी हात लावला की उघडलीच म्हणून समजा. आज मात्र टेबलावर स्वतःचाच फोन पडलेला, आणि मास्तर त्याच्याकडे दुसऱ्याचा असल्यासारखे बघत होते.

झालं होतं असं की, आदल्या संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान घड्याळवाल्याच्या दुकानातली तिजोरी कुणीतरी उघडली आणि तीन जुनी खिशातली घड्याळं लंपास केली. तिजोरीवर एक ओरखडा नाही. इतकं सफाईचं काम करणारा माणूस पंचक्रोशीत एकच. साहेबांनी त्या माणसाला सकाळी बोलावलं आणि विचारलं, "काल सहा ते नऊ कुठे होता?"

"घरी," मास्तर म्हणाले.

साहेबांनी लगेच मास्तरांच्या घरी फोन लावला. मास्तरांच्या बायकोने खोटं बोलायचं नाही असं लहानपणीच ठरवलेलं. ती म्हणाली, "सहा ते नऊ ना? छे, घरात नव्हते." आणि भाजी करपतेय म्हणून फोन ठेवून दिला.

आता मास्तर खोटं बोलले होते का? अजिबात नाही. ते घरीच होते, फक्त दाराच्या बाहेरच्या अंगाला. घरात दोन वर्षं कपाटाची खिट्टी मोडलेली. अख्ख्या गावाची कड्या-कुलपं नीट करणाऱ्याच्या स्वयंपाकघरात कपाट सुतळीने बांधलेलं! परवा मेव्हणा आला, त्याच्यासमोर ते कपाट धाडकन उघडलं, आणि मास्तर बोलून गेले, "हिला साधं कपाट वापरता येत नाही." झालं! बायकोने अबोला धरला. काल संध्याकाळी मास्तर दुकानातून आले तर दाराला आतून कडी. कुलूप असतं तर मास्तरांनी डोळे मिटून काढलं असतं. आतल्या कडीला बाहेरून काय करणार? हाक मारावी तर शेजारी जमणार. म्हणून ते मागच्या दाराच्या पायरीवर, पाण्याच्या पिंपाआड, कुणाला दिसणार नाही असे बसले आणि बायकोला मेसेज लिहीत राहिले. एक्केचाळीस मेसेज गेले तेव्हा कडी निघाली.

म्हणजे मास्तरांच्या निर्दोषपणाचा पुरावा समोर त्या फोनमध्येच होता. पण तो पुरावा म्हणजे एक्केचाळीस वेळा लिहिलेलं 'चुकलो'. आणि आमचे मास्तर बाजारातल्या चार दुकानदारांत बसून छातीवर हात मारून काय सांगायचे? "सव्वीस वर्षं संसार केला, बायकोपुढे एकदा 'चुकलो' म्हटलं नाही!" शिवाय दारातल्या हवालदाराचं टोपणनाव होतं दवंडी. त्याच्या कानावर सकाळी पडलेलं दुपारपर्यंत शेवटच्या गल्लीत पोचायचं. मास्तरांनी मनाशी ठरवलं, कोठडी परवडली पण दवंडी नको.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. दवंडीने मान लांब करून वाचलं.

"साहेब, मेसेज आलाय. आतलं काही दिसत नाही. पण नाव दिसतंय. हेड ऑफिस!"

साहेबांची खुर्ची करकरली. "मास्तर, तुमचं दुकान केवढं?"

"एका माणसाचं."

"त्यात बसता किती जण?"

"मी एकटा."

"मग हेड ऑफिस कुठून आलं?"

 बायकोचा नंबर असा थट्टेने लिहून ठेवला त्या दिवसाला मास्तरांनी मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

"टोळी आहे, साहेब," दवंडी हलक्या आवाजात म्हणाला. त्याचा हलका आवाज बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जायचा.

साहेबांनी सायबर विभागातल्या बाईंना बोलावलं. बाई चष्मा पुसत आल्या, त्यांनी फोन उलटापालटा करून पाहिला आणि खाली ठेवला.

"हे मेसेज कुलूपबंद असतात, साहेब. पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूप लागतं, ते घेणाऱ्याच्या फोनमध्येच निघतं. मधे कुणालाच वाचता येत नाही."

"कंपनीला पत्र लिहू."

"कंपनीलाही वाचता येत नाही."

"मग कंपनी करते काय?"

"पोचवते."

"म्हणजे पोस्टमनचं काम! आणि त्याला पाकीट फोडायची अक्कल नाही?"

"तशीच सोय केलीय, साहेब. फोनच उघडायचा तर यांची परवानगी हवी, नाहीतर कोर्टाचा हुकूम. हुकुमाला अर्ज, अर्जाला कारण, कारणाला कागद. सोमवारपर्यंत होईल."

तो दिवस होता बुधवार. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि मास्तरांकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, कर नाही त्याला डर कशाला? सज्जन माणसाकडे लपवण्यासारखं असतं काय? मला विचारा. माझं सगळं उघडं!"

"साहेब, तीस वर्षं मी लोकांची कपाटं उघडतोय," मास्तर म्हणाले. "सज्जनांचीच जास्त भरलेली असतात."

 साहेबांनी फोन तात्पुरता जमा करून घेतला, आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. त्या कपाटाला दुसऱ्या कुणी हात लावलेला साहेबांना खपत नसे. मास्तर बाकावर बसून राहिले. भिंतीवरच्या घड्याळात बारा झाले, साडेबारा झाले. भूक लागली होती, पण बोलायची सोय नव्हती.

बरोबर एक वाजता कपाटात फोन वाजायला लागला. नुसता मेसेज नव्हे, चांगला खणखणीत वाजायला लागला.

"हेड ऑफिस!" दवंडी ओरडला.

"कुलूपबंद फोनवर आलेला कॉल घेता येतो," सायबरबाई घाईघाईने म्हणाल्या. "आवाज सापडेल, साहेब!"

साहेब धावले. खिशातून किल्ली काढली, भोकात घातली आणि सगळा जोर लावून उलट्या बाजूला फिरवली. कट्! अर्धी किल्ली साहेबांच्या हातात, अर्धी कुलपात. आत फोन वाजून वाजून थांबला.

खोलीत सगळे जिथे होते तिथे उभे राहिले. मग हळूहळू एकेकाची मान बाकाकडे वळली. मास्तर छताकडे बघत होते.

"मास्तर," साहेब घसा खाकरून म्हणाले, "जरा बघता का?"

"संशयिताला हत्यारं देता येतात का, ते विचारून घ्या," मास्तर शांतपणे म्हणाले. "सोमवारपर्यंत होईल."

सायबरबाईंना हसू आवरेना. साहेबांनी मात्र अक्षरशः हात जोडले, तेव्हा मास्तर उठले. दवंडी पळत जाऊन त्यांची पेटी घेऊन आला. मास्तर कुलपासमोर उकिडवे बसले, बारीक आकडीने तुटका तुकडा ओढून बाहेर काढला, मग दुसरी आकडी घालून कान लावला. दोन मिनिटं. टिक् असा आवाज आला. कपाट उघडलं होतं, फक्त दार ओढायचं बाकी होतं.

आता मास्तरांचा एक दंडक होता, त्यांच्या गुरूने घालून दिलेला. कुलूप आपलं, आतला माल मालकाचा. त्यामुळे कुलूप निघालं की ते 'उघडलंय' एवढं म्हणायचे आणि पाठ फिरवायचे. मालकाने दार उघडून पुन्हा लावेपर्यंत वळायचं नाही. तीस वर्षांत एकदाही वळले नव्हते.

"उघडलंय," मास्तर म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्याच क्षणी साहेबांना काहीतरी आठवलं. "थांबा! कुणी उघडू नका!" ते ओरडले. पण दवंडी तो दवंडीच, त्याने दार ओढलंसुद्धा. धपधप काहीतरी खाली पडलं. एक मऊशी वस्तू मास्तरांच्या टाचेला लागून थांबली. मास्तरांनी मान तसूभरही हलवली नाही.

"साहेब," मागून दवंडीचा आवाज आला, "उशी...?"

"पुरावा आहे तो!"

"आणि दाढीचं सामान?"

"तेसुद्धा! बघू नका, सांगतो ना! सगळ्यांनी तोंडं फिरवा! माणसाचं काही खासगी असतं की नाही?"

बराच वेळ कपाटात कोंबाकोंबी चालल्याचं ऐकू आलं. मग फोन पुन्हा वाजला. साहेबांनी तो घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"हॅलो! हेड ऑफिस का?" साहेबांनी दरडावलं.

"कोण बोलतंय?" पलीकडून बाईचा आवाज आला. "आमचे हे कुठेत? एक वाजून गेला, मी कधीची ताट वाढून बसलेय!"

दवंडीचं तोंड उघडंच राहिलं. "साहेब, या तर वहिनी!"

पंधरा मिनिटांत वहिनी चौकीत हजर झाल्या. नवऱ्याला बाकावर बघून त्यांचा चेहरा पार उतरला. सायबरबाईंनी त्यांना खुर्ची दिली, काय घडलं ते सांगितलं आणि म्हणाल्या, "मेसेजला दोन टोकं असतात, ताई. यांचं टोक बंद आहे. तुमचं तुम्ही उघडलंत तर काम होईल. फक्त कालचे सहा ते नऊमधले दाखवा."

मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. सव्वीस वर्षांची अब्रू बायकोच्या पिशवीतल्या फोनमध्ये होती.

वहिनींनी पिशवी छातीशी धरली. "मुळीच नाही दाखवणार!" त्या ताडकन म्हणाल्या. "नवराबायकोतलं आहे ते! अहो, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नवऱ्याने 'चुकलो' म्हटलंय, तेही एक्केचाळीस वेळा! मागच्या दारात पिंपाआड बसून! ते काय मी चारचौघांना वाचायला देऊ? मरेन पण कुणाला कळू देणार नाही!"

 कंपनीला जे फोडता येत नव्हतं ते गुपित टेबलावर येऊन पडलं होतं. वहिनींच्याही ते लक्षात आलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि पुटपुटल्या, "अगंबाई!"

"मला नीट ऐकू आलं नाही," सायबरबाई चष्मा पुसत म्हणाल्या. दवंडीला मात्र लख्ख ऐकू आलं होतं. त्याची एक चप्पल दाराबाहेर पडलीसुद्धा होती.

"सहा ते नऊ दारात होते हे सहीनिशी लिहून द्या, वहिनी. मेसेज नकोत," साहेब एकदम मवाळ आवाजात म्हणाले. पुढे दोन दिवसांनी चोर सापडला. घड्याळवाल्याचाच मेव्हणा निघाला, जादा किल्ली होती त्याच्याकडे. पण तो भाग वेगळा.

वहिनी सही करायला बाहेरच्या खोलीत गेल्या, सायबरबाईही गेल्या. जाता जाता वहिनी मास्तरांना दबक्या आवाजात म्हणाल्या, "मी हो काय केलं हे!" मास्तरांनी नुसता हात हलवला. त्यांना राग आला नव्हता. आपलं गुपित जपायला ही बाई फौजदाराच्या अंगावर धावून गेली, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. घरी गेल्या गेल्या खिट्टी बसवायची, त्यांनी ठरवून टाकलं.

मास्तर पेटी उचलणार तोच साहेबांनी खोलीचं दार लोटून घेतलं. टेबलाच्या कडेला टेकून ते जरा वेळ बोटं मोडत राहिले.

"मास्तर, एक खासगी विचारू?"

"विचारा की."

"दार बरोबर एक्केचाळिसाव्यालाच उघडलं?"

"एक्केचाळिसाव्याला."

साहेबांनी स्वतःचा फोन काढला, पडदा आपल्याकडे वळवून धरला आणि अंगठ्याने वर वर सरकवत काहीतरी मोजलं. "माझे सत्तावीस झालेत," ते म्हणाले. "नऊ दिवसांत."

मास्तरांना टाचेला लागलेली ती मऊ वस्तू आठवली. ते हसले नाहीत.

"नुसतं 'चुकलो' लिहिता का, साहेब?"

"मग अजून काय लिहायचं?"

"माझेही चाळीस फुकट गेले. काय चुकलं ते लिहिलं, तेव्हा कडी निघाली."

साहेबांनी मान डोलवली, खुर्चीत बसले आणि फोन दोन्ही हातांत धरला. मास्तरांनी पेटी खाली ठेवली, पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अठ्ठाविसावा मेसेज लिहायला साहेबांना बराच वेळ लागला.