केटल तळ्यावरील होड्यांचे दिवे किनाऱ्यावरून लावण्याबाबत

समाजाची नीतिमत्ता शेवटी दिव्याचं बटण कोणाच्या हाती आहे यावर ठरते. हे तत्त्व मिनेसोटातल्या आमच्या केटल तळ्याच्या रहिवासी संघाने सर्वांत आधी ओळखलं, याचा संघाचा चिटणीस म्हणून मला रास्त अभिमान आहे.

सूर्य मावळला की होडीवर दिवे लावावेत, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. आम्हा सर्वांना तो पाठ आहे. अडचण एवढीच की वॉलाय मासा नेमका तिन्हीसांजेला गळाला लागतो, आणि दिवा लावला की मासे मिळण्याची आपली जागा अख्ख्या तळ्याला दिसते. आमच्याकडे माणूस मूळव्याधीचं सांगेल, बायकोशी झालेलं भांडण सांगेल, पण जागा सांगणार नाही. त्यामुळे दिवे लावायला सगळे विसरत. (विसरण्याचं प्रमाण शेकडा शंभर. यात पाद्रीबाबा धरले आहेत.)

संघाचे अध्यक्ष ऑर्विल हॉगस्टाड यांची जागा तर वडिलोपार्जित. वडिलांनी ती मरताना कानात सांगितलेली, तीही नर्सला बाहेर पाठवून. जावई ड्वेन लग्न झाल्यापासून ती विचारतोय. ऑर्विलनी मुलगी दिली, जागा दिली नाही.

मागच्या जूनमध्ये अंधारात दोन होड्या एकमेकींवर आदळल्या. दोघांनी एकमेकांची माफी मागितली आणि दोघेही "इथून सहज चाललो होतो" म्हणाले, तरी सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिलाच. संघाने सरळ तर्क केला: होडीतला माणूस दिवा लावत नाही, सबब तो होडीत नसलेल्या माणसाने लावावा. होडीत एक डबी बसवायची, घरी एक रिमोट द्यायचा. रेडिओच्या लहरींना तळ्यातलं बेट आडवं येत नाही. ठराव ऑर्विलनीच मांडला (अध्यक्षाला मांडावाच लागतो) आणि बायकांनी तो टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर केला.

ज्याच्या रिमोटने त्याचीच होडी उजळावी म्हणून प्रत्येक संचावर आपापला आकडा लावून घ्यायचा होता. इथे आमचं वळण आडवं आलं. आमच्याकडे ताटातली शेवटची वडी कोणी उचलत नाही. जो तो तिचा अर्धा तुकडा मोडतो आणि अखेर ती पोह्याएवढी उरते. तिथे पहिला आकडा कोण निवडणार?

"मार्लिस, तुम्ही अध्यक्षांच्या घरच्या. तुम्ही घ्या आधी," पाद्रीबाबांच्या पत्नी म्हणाल्या.

"छे हो! मी आपली उरेल तो घेईन."

"अगंबाई, मीही उरेल तोच घेणार होते!"

कॉफी संपेपर्यंत हेच चाललं. सगळे उरेल तो आकडा घ्यायला थांबले आणि सगळेच आकडे उरले. कारखान्यातून लावून आलेला 'एक' सर्व संचांवर तसाच राहिला.

पहिल्याच शनिवारी मार्लिसबाईंची हॉटडिश (आमच्याकडचं रात्रीचं भाजलेलं एकताटी जेवण) ओव्हनमधून बाहेर आली, ऑर्विलचा पत्ता नव्हता. त्यांनी बटण दाबलं.

तळ्यावरच्या झाडून सगळ्या होड्या एकदम उजळल्या. आणि सगळ्या बेटामागच्या लव्हाळ्यांत, ऑर्विलच्या वडिलोपार्जित जागेवर, वल्ह्याने ढोसता येईल इतक्या जवळजवळ उभ्या होत्या. मीही होतो (हवा खायला). ऑर्विलच्या वडिलांना मरायला बरेच दिवस लागले होते आणि भेटायला पुष्कळ लोक गेले होते, एवढंच नंतर कळलं.

 मग ड्वेन म्हणाला, "काय ऑर्विल, मासे आहेत का इथे?"

"इथे? इथे कुठले आलेत मासे!"

तेवढ्यात ऑर्विलची गळाची काठी कमानीसारखी वाकली.

एवढा मासा त्यांना उभ्या आयुष्यात लागला नव्हता. ओढावा तर जागा कबूल, न ओढावा तर मासा गेला. ते निमूट आभाळाकडे बघत बसले. होडी हळूहळू ओढली जाऊ लागली.

"काही लागलं वाटतं?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"गवत."

"हो, हो. यंदा गवताला जोर आहे खरा."

ऑर्विलनी खिशातून चाकू काढला आणि दोरी कापली. त्या क्षणी मला त्यांची फार दया आली. आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली. मग "आधी तुम्ही निघा" सुरू झालं आणि हॉटडिश थंडगार झाली.

योजना यशस्वी झाल्याचं मी वार्षिक अहवालात नमूद केलं आहे. त्या संध्याकाळी एकही टक्कर झाली नाही. पुढच्या आठवड्यात सर्व डब्यांतले सेल एकाच वेळी संपले. नवे कोणी आणायचे यावर विचार चालू आहे.

वाचकहो, तुम्ही हसलात, हसा. पण चिटणीस या नात्याने मी आता एक ठराव मांडतो: असाच एक रिमोट तुमच्याही घरच्यांच्या हाती द्यावा. तिन्हीसांजेला त्यांनी बटण दाबलं की तुम्ही जिथे असाल तिथे, ज्यांच्यासोबत असाल त्यांच्यासकट, लख्ख उजळाल. मान्य असेल त्यांनी हात वर करावेत.

(हात वर करण्याआधी सर्वांनी एकदा शेजारच्याकडे पाहिलं, अशी नोंद घेतली आहे.)